दिव्यांची पाटी

गोंदियाकडच्या गोरेगावात देवीदास शहारेचं दुकान कुठं आहे, असं कुणी विचारलं तर लोक पूर्वी एवढंच सांगायचे, "गल्लीत शिरा आणि जिथं नवराबायकोचं बोलणं ऐकू येईल तिथं थांबा." पुढं दुकान, मागं घर, मधे एक भिंत आणि भिंतीत हातभर खिडकी. देवीदास खिडकीकडे पाठ करून पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटरी उघडून बसायचा. कुसुमबाई पलीकडे गॅसकडे तोंड करून स्वयंपाक करायची. दोघांचं बोलणं मात्र दिवसभर त्या खिडकीतून चाललेलं. कुणाच्या मिक्सरमधून झुरळं निघाली, कुणाचं लग्न मोडलं, देवरीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या लेकीनं, साक्षीनं फोनवर काय सांगितलं, यातलं काहीच एकमेकांना सांगायचं राहत नसे. एकमेकांचं तोंड न बघता इतका बोलका संसार आख्ख्या तालुक्यात दुसरा नसेल.

देवीदासला बायकोचा अभिमान होता, आणि तो गिऱ्हाइकांना ऐकावाच लागे. पंखा होईपर्यंत बसलेल्या माणसाला तो मुलगी बघायला गेल्याची गोष्ट सांगायचा. त्यांच्या बौद्ध घरांमध्ये तेव्हा नवरीला पोहे येतात का याच्याआधी वाचता येतं का, हे विचारत. देवीदासच्या मामानं कुसुमच्या हातात वंदनेचं पुस्तक दिलं आणि म्हणाला, वाच बेटा. तिनं मान खाली घातली आणि त्रिशरण, पंचशील आणि पुढचं सगळं न अडखळता वाचलं. वेळेवर पान उलटलं, परत वाचलं. "मी दहावी नापास. माझी तं जीभ तिथंच पलटली असती," देवीदास सांगायचा. "आमच्या घरात खरी शिकलेली हीच!" गोष्ट इथवर आली की खिडकीतून हमखास आवाज यायचा, "पुरे झालं जी! कामं करा, कामं!" कुसुमबाई लाजते, असं देवीदासला वाटायचं.

मग कुसुमबाईचे कान गेले. एका तापाचं निमित्त झालं आणि पुढच्या काही महिन्यांत ऐकू येणं कमी कमी होत थांबलंच. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासलं, नस गेली म्हणाले, कानात घालायची मशीन दिली. मशीननं माणसं सोडून भांडीच ऐकू येत. कुसुमबाईनं ती एका दुपारी काढली आणि लवंग-विलायचीच्या डब्यात ठेवून दिली. ती आजपर्यंत तिथंच आहे.

खिडकी गप्प झाली आणि देवीदास एकटा पडला. काही सांगायचं तर हातातलं काम खाली ठेवायचं, वळसा घालून आत जायचं, तिच्यासमोर उभं राहायचं आणि हातवारे करायचे. ओठांवरून तरी तिला समजावं, तर याच्या गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबलेला. साक्षीनं दम दिल्यावर त्यानं खर्रा कमी केला, तरी "भुपेंद्रची सून माहेरी निघून गेली" हे हातवाऱ्यांनी कसं सांगणार? सुरुवातीला तो ओरडला पण. "किती येळा सांगू तुले!" असं तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडला तेव्हा शब्द तिला कळले नाहीत, पण चेहरा कळला. ती संध्याकाळभर रडली. त्यानंतर त्यानं ओरडणं सोडलं आणि हळूहळू बोलणंही सोडलं. बायको घरात, आपण घरात, आणि तिची इतकी आठवण येते, हे काय चाललंय ते त्याचं त्यालाच कळेना.

कल्पना सुचली ती बसस्टँडवर. एसटीच्या कपाळावर लाल दिव्यांची अक्षरं सरकत होती, 'गोंदिया, गोंदिया'. ही पाटी आल्यावरही कुसुमबाई कंडक्टरला "गोंदियाचीच ना जी?" असं विचारल्याशिवाय कधी चढली नव्हती, आणि देवीदास तिच्या या सवयीला हसायचा. आता मात्र तो पाटीकडे बघतच राहिला. बस निघून गेली तरी तो तिथंच होता. हिचे कान गेले, डोळे तर आहेत! आणि वाचायला तर ही आपल्यापेक्षा हुशार!

सामान आणायला तो गोंदियाला गेला. विकत तयार पाटीही मिळत होती, पण जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं उघडणारा माणूस तयार वस्तू घेईल कशाला? दुकानदारानं बारीक दिव्यांची पुडकी, वायरी आणि ते सगळं चालवणारं हिरवं कार्ड काढून दिलं आणि म्हणाला, "भाई साब, ये कार्ड सिर्फ अंग्रेजी जानता है. मराठी-वराठी नहीं आती इसको."

"तो सिखायेंगे," देवीदास म्हणाला.

शिकवता शिकवता त्याच्या नाकी नऊ आले. प्लायच्या लांब फळीला रांगेनं भोकं पाडली, भोकाभोकात दिवा बसवला, मागून एकेक पाय वायरीला सोल्डर केला. पहिल्यांदा चालू केलं तर कार्डाला येणारी इंग्रजी अक्षरंसुद्धा उलटी आणि पळतायत मागं मागं. देवीदास दोन दिवस कार्डाला शिव्या देत बसला. मग लक्षात आलं की सगळं जोडकाम आपण फळीच्या पाठीकडून केलं, तेव्हा आपली डावी बाजू म्हणजे पुढून उजवी. सगळ्या वायरी उपसून परत जोडल्या. मग चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी मांडलं. क, ख, ग, काना, मात्रा, वेलांटी, सगळं. 'क्ष'पाशी त्याला रडू यायचं बाकी होतं. पण साक्षीचं नाव त्याच्यावाचून लिहिता येत नव्हतं. अखेर त्या फळीला अख्खी बाराखडी आली. मोबाइलवर दुकानात टाइप करायचं आणि भिंतीपलीकडे खिडकीच्या वर, कुसुमबाईच्या समोर, लाल अक्षरं सरकत जायची.

पहिल्या दिवशी त्यानं एकच शब्द सोडला, 'कुसुम'.

ती पीठ मळत होती. वर बघितलं आणि पिठाचे हात तसेच तोंडावर ठेवले. "अजी! माझं नाव!" ती किंचाळली. "माझं नाव चालून राहिलं!" शेजारच्या अल्काला, अंगणवाडीत मदतनीस असलेल्या त्या बाईला, हात धरून ओढत आणलं आणि दाखवलं. देवीदासचा ऊर भरून आला. जमलं, आता आपली खिडकी परत सुरू झाली, असं त्याला वाटलं.

आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं, 'चाय पाठव'. कुसुमबाई खिडकीशी आली, वर पाटीकडे बघितलं, मग वाकून त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पाण्याचा गडवा पुढं केला. त्याला वाटलं, चहापत्ती संपली असेल. त्यानं लिहिलं, 'भाजी काय आहे?' ती हसली आणि म्हणाली, "हो, हो." मग साक्षीचा फोन आला. त्यानं लगेच लिहिलं, 'साक्षी रविवारी येते'. कुसुमबाई म्हणाली, "बरं झालं." रविवारी साक्षी दारात उभी राहिली तर हीच दचकली. "अवं बाई! अशी अचानक काऊन आलीस? घरात भाजीचं पान नाही!"

"अचानक?" साक्षीनं बापाकडे बघितलं. बापानं पाटीकडे बघितलं. पाटीवर तेव्हा काहीच नव्हतं.

देवीदास बुचकळ्यात पडला. यंत्र बिघडलं तर ते उघडायचं, एवढं एकच त्याला येत होतं. आधी त्यानं अक्षरांचा वेग कमी केला. परत कमी केला. अक्षरं इतकी हळू चालायला लागली की 'जेवण' यातला 'ण' येईपर्यंत माणूस जेवून उठावा. फरक शून्य. मग वाटलं, लाल रंग डोळ्यांना टोचत असेल. दिवे उपसून हिरवे घातले. तिनं नवा रंग छान आहे म्हणून कौतुक केलं आणि चहा मागितल्यावर परत पाणीच दिलं. मग वाटलं, दोष हिच्या डोळ्यांतच आहे. तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. समोर अक्षरांचा तक्ता, डोळ्यांवर काचेमागून काच, आणि प्रत्येक काचेला कुसुमबाईचं एकच उत्तर, "धुरकट दिसते." शेवटी त्या माणसानं कंटाळून कुठलातरी नंबर दिला. त्या चष्म्यानं तिचं डोकं दुखायचं. तरी पाटी सुरू झाली की ती लगबगीनं चष्मा घालायची, वर बघायची, आणि मग काढून याच्या तोंडाकडे बघायची.

मग अक्षरांवर संशय आला. आपण मांडलेला 'च' आपल्यालाच 'च' दिसत असेल! त्यानं अल्काला बोलावलं. अल्का दारात उभ्याउभ्या घडाघडा वाचून गेली. "इतकं चांगलं तं आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर नाही लिहून," असंही म्हणाली.

म्हणजे पाटी बरोबर, अक्षरं बरोबर, डोळ्यांवर चष्मा, आणि बायको न अडखळता पुस्तक वाचणारी. सगळं बरोबर असूनही यंत्र चालत नसेल तर मिस्त्रीनं समजायचं काय? देवीदासला जे समजलं त्यानं त्याचा घास कडू झाला. हिला वाचायला येतं, समजतंही. हिलाच आपल्याशी बोलायचं नाही. आपण तेव्हा तोंडाजवळ जाऊन ओरडलो होतो, ते हिनं मनात ठेवलंय. इतकी मेहनत करून पाटी केली ती हिच्या लेखी नुसती रोषणाई. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलेला पुरुष जे करतो तेच त्यानं केलं. तो रुसला. एका रात्री जेवलाच नाही. ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी कुसुमबाई विहार झाडायला गेली होती तेव्हा पाटीतून जळका वास आला. एका टोकाच्या दिव्यांची चिप जळली होती. बाकीची पाटी चालत होती, पण नवी चिप आणायला गोंदियाला जाणं भाग होतं. रुसवा होता तरी माणूस वाईट नव्हता. त्यानं पाटीवर लिहून ठेवलं, 'गोंदियाला जातो. संध्याकाळी येतो. जेवून घे.' दुकान ओढून घेतलं आणि मिळेल त्या बसनं गेला.

परतला तेव्हा दिवेलागण झाली होती. स्टँडवर उतरला तोच पानठेल्यावरचा लीलाधर ओरडला, "अरे देवीदास, कुठी होतास बाप्पा? वहिनी सकारपासून गावभर तुले धुंडून राहिली!"

"मले? कायले?"

"मले काय मालूम? स्टँडवर आली, बाजारात गेली, बोडीच्या पारीवर जाऊन पाण्यात पाहून राहिली होती म्हणते. मी सांगतलं ना तिले, गोंदियाच्या बसमधी बसला म्हनून. तं हो हो करे अन् परत इचारे, पाहिलं काय, पाहिलं काय."

बोडीच्या, त्या तळ्याच्या पाण्यात? रात्री न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस सकाळी घरात नाही, दुकान बंद, तर बायको कुठं शोधणार? पण लिहून तर ठेवलं होतं! तो घराकडे जवळजवळ पळत गेला.

स्वयंपाकघरात अंधार होता. खिडकीखाली, भिंतीला टेकून कुसुमबाई बसली होती. पायांना चिखल वाळलेला. सकाळचा भात झाकलेला तसाच. आणि तिच्या डोक्यावर हिरवी अक्षरं एकसारखी चालली होती, 'गोंदियाला जातो. संध्याकाळी येतो. जेवून घे.'

तिनं त्याला बघितलं आणि उठून त्याच्या छातीवर दोन्ही हात आपटले. "कुठी गेलते? कुठी गेलते सांगून जाता येत नाही?" देवीदासचंही डोकं फिरलं. त्यानं तिचे खांदे धरून तिला वळवलं आणि पाटीकडे बोट दाखवलं. परत दाखवलं. ते लिहून आहे ना, वाच ना, असं ओरडलाही, ऐकू येत नाही हे विसरून. कुसुमबाईनं पाटीकडे बघितलं. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग तिचा हात आपोआप मांडणीवरच्या चष्म्याकडे गेला, आणि अर्ध्यावरच थांबला.

"मले नाही येत जी," ती म्हणाली.

त्याला कळेना, काय येत नाही?

"वाचता नाही येत मले. नाव तेवढं येते. बाबानं शिकवलं होतं, लग्नाच्या आधी."

देवीदासनं दोन्ही तळहात जोडून पुस्तकासारखे उघडले आणि भुवया वर केल्या. इतक्या दिवसांत त्याचा हा पहिलाच हातवारा तिला लगेच समजला.

"ते पाठ होतं. लहानपणापासून ऐकून ऐकून. आत्या बाजूले बसली होती. पान उलटाची वेळ आली का कोपर मारत होती." ती पदरानं तोंड पुसत होती, आणि एकदा सुरू झालेलं बोलणं थांबत नव्हतं. "विहारात बाजूची बाई पान उलटे, मी बी उलटत होती. बसची पाटी कंडक्टरले इचारत होती. कान होते तवरी सारं निभलं. कोनी ना कोनी मोठ्यानं वाचत होतं, मी ऐकत होती. आता कोनी काय बोलते समजत नाही, अन् तुमी भिंतीवर लिहून राहिले."

देवीदास तिथंच खाली बसला. त्याला एकदम शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. इतकी वर्षं सांगितलं काऊन नाही? मी रागावलो असतो काय? साक्षी नर्स झाली तेव्हा विहारात हार घेताना तुला काय वाटलं असेल? दर भाषणात कुणीतरी उठून बायाबापड्यांना शिका म्हणतो, तेव्हा तू मान खाली घालून काय करत होतीस? आणि मी दर गिऱ्हाइकाला ती गोष्ट सांगायचो तेव्हा? सवयीनं त्याचा अंगठा मोबाइलवर गेला. दोन अक्षरं पाटीवर उमटली पण, आणि मग त्याला आपण काय करतोय ते दिसलं. एका फळीला बसून बसून बाराखडी शिकवली आणि जिच्यासाठी शिकवली तिला एकदा विचारलं नाही. त्याची त्यालाच लाज वाटली. त्यानं पाटी बंद केली.

"कोनाले सांगसान काय?" अंधारात कुसुमबाईनं विचारलं. "साक्षीले?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. अंधारात दिसली नसेल म्हणून तिचा हात धरून आपल्या गालावर ठेवला आणि परत मान हलवली. मग दोघांनी सकाळचा थंड भात खाल्ला.

आता कळलं होतं तरी करायचं काय, हे कळत नव्हतंच. देवीदासनं आधी चित्रं मांडून बघितली. ठिपक्यांचा कप काढला तर कुसुमबाई बादली घेऊन आली. आपल्या तोंडाचं चित्र काढलं तर म्हणाली, "हे भोपळा कायले दाखवून राहिले?" दोघंही हसली, पण भोपळ्यानं बोलणं होत नाही. तो परत डोकं धरून बसला.

मग एका पौर्णिमेला ती घरातच मेणबत्ती लावून, डोळे मिटून वंदना म्हणत होती. कान गेल्यापासून विहारात तिचा सूर इतरांच्या मागं पडायचा म्हणून ती घरीच म्हणायची. देवीदास बाजूला बसून ऐकत होता, आणि त्याच्या मनात आलं, हिला हे सगळं येतं! शब्द आधीपासून हिच्या तोंडात आहेत, फक्त ते कसे दिसतात एवढंच माहीत नाही. तो तसाच उठला, वंदना पाटीवर चढवली आणि तिच्या खांद्याला हात लावला. ती बोलेल तसं तो अक्षर पुढं सरकवायचा. ती थांबली की पाटी थांबायची. पहिल्या दिवशी तिला फक्त स्वतःच्या नावातला 'स' भेटला. "हा तं माझा आहे!" ती बोट लावून म्हणाली. मग 'म' भेटला. रोज स्वयंपाक झाला की दुकानाचं दार अर्धं ओढून दोघं बसायची. कुणी विचारलं तर देवीदास सांगायचा, पाटीची टेस्टिंग चालू आहे. अल्का एकदा डोकावली तर त्यानं मुद्दाम एक वायर काढून हातात घेतली. खोटं बोलायला तो फार हुशार नव्हता, पण बायकोला दिलेला शब्द त्यानं मोडला नाही. गिऱ्हाइकांना पुस्तकाची गोष्ट सांगणं मात्र त्यानं बंद केलं.

हे किती टिकेल आणि यातून काही निघेल का, याचा त्याला अंदाज नव्हता. कधी काल आलेलं अक्षर तिला आज ओळखीचंच वाटत नसे. जोडाक्षर आलं की ती पाटीवरच चिडायची. कधी वंदना घडाघडा म्हणून जायची, आणि ही वाचतेय की पाठ म्हणतेय, हे देवीदासला काही केल्या कळत नसे. विचारायची सोय नव्हती.

धान कापणीच्या दिवसांत एका दुपारी तो मोटर उघडून बसला होता. काय मनात आलं कोण जाणे, त्यानं वंदनेतला नाही असा एकच शब्द पाटीवर सोडला. 'चाय'. आणि वळून खिडकीतून बघत राहिला.

कुसुमबाई कांदा चिरत होती. तिनं मान वर केली. हात थांबला. देवीदासला भीती वाटली, आता ही वाकेल आणि आपल्या तोंडाकडे बघेल. ती वाकली नाही. पाटीकडेच बघत राहिली. ओठ हलले. तिसऱ्या शीलातल्या 'मिच्छाचारा'मधला 'चा' तिला सापडला. मग ती अडकली, वंदना मनात परत सुरुवातीपासून म्हणत गेली, आणि त्रिशरणातल्या 'दुतियम्पि'च्या ओळीत तिला 'य' भेटला. तिनं दोन्ही एकत्र आणले. मग परत कांदा चिरायला लागली.

"आताच तं पेले!" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "दिवसभर चाय, चाय! कामं करा, कामं!"

देवीदासच्या हातातला पाना खाली पडला. त्यानं डोळे पुसले, खिडकीकडे पाठ केली, आणि पुढचं वाक्य टाइप करायला घेतलं. आत कुसुमबाई अजून रागावतच होती आणि तिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.